दारावरचे मामा

निजामाचं राज्य गेलं, सुभेदारी मोडली, पण औरंगाबादच्या कचेरीत सुभेदारांच्या दाराशी उभे राहणारे मामा तिथेच राहिले. आता आत कलेक्टर बसत. खेड्यातला कुणी सवयीनं दाराशी जोडे काढू लागला की देवगाव रंगारीचे हे मामा दटावत, "असू द्या पायातच. ते दिस गेले." रांग मात्र कुणालाच मोडू देत नसत.

पोलीस ॲक्शनला फार दिवस झाले नव्हते. जुन्या सरकारशी सलगीचा नुसता वास आला तरी नोकरी जायची. अशात एकदा आमचे जुने सुभेदारच स्वतःच्या घराच्या अर्जासाठी आले आणि मुकाट रांगेत उभे राहिले. आम्हा कारकुनांच्या माना फायलींत गेल्या. आता सांगून टाकतो, मला नोकरीला त्यांनीच लावलं होतं. माझीही मान खालीच गेली.

मामांनी सरळ उभं राहून सलाम केला, स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं.

"बसा हुजूर. पर नंबर आल्यावरच आत."

"जी," म्हणून ते बसले.

हेडक्लार्क हसले, "काय मामा, अजून सुभेदारीतच का?"

मामांनी रांगेतला पुढचा नंबर पुकारला.

संध्याकाळी मी विचारलं, "मामा, भीती नाही वाटली?"

"लई वाटली. पर आज बसून ऱ्हायलो असतो, तर उद्या कलेक्टरसायबाला घातलेला सलाम तरी खरा कसा म्हणायचा?"

दुसऱ्या दिवशी कलेक्टरसाहेब आले. सगळ्यांबरोबर मीही उठून उभा राहिलो, पण मामांकडे बघवलं नाही.