सातपैकी सात

माझ्या वडिलांच्या आयुष्याला मी सातपैकी सात मार्क दिले, वडिलांना न विचारता. ते आतल्या खोलीत घोरत होते आणि मी बाहेर सोफ्यावर बसून त्यांच्या समाधानाभोवती पेनाने गोल काढत होतो. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, मुलीला नाही, मित्रांना तर नाहीच. माझ्या बाकीच्या फजित्या मी इथल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला रंगवून सांगतो, लोक हसतात. ही एक दरवर्षी गाळत आलो. आता तुम्हालाच का सांगतोय? ते मलाही नीट सांगता येणार नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, आज त्र्याण्णव वर्षांचे आहेत. कोरियात लढाई पेटली तेव्हा आपल्या लष्कराची वैद्यकीय तुकडी तिकडे गेली होती. तिच्यात एकोणीस वर्षांचे अण्णा स्ट्रेचर उचलायला होते. "म्या गोळी झाडली न्हाई. गोळी लागल्याली माणसं उचलली," एवढंच ते त्याबद्दल बोलतात. आई गेल्यावर, चार वर्षांपूर्वी, मी त्यांना खटाव तालुक्यातल्या गावातून इथे कतारला, दोह्याला आणलं. अल अझीझिया भागात सातवा मजला, दिवसरात्र एसी, बाल्कनीतून समोरच्या इमारतीची बाल्कनी. दर शुक्रवारी चहा झाला की ते विचारायचे, "गावाकडं कवा?" मी म्हणायचो, "इन्शाल्ला, अण्णा." महिनाभरात त्यांनी मला ओळखलं. म्हणाले, "तुज्या इन्शाल्लाला तारीख नसती."

दोन वर्षांपूर्वी एक फॉर्म आला. कोरियातल्या कुठल्याशा विद्यापीठाला त्या लढाईतले हयात म्हातारे आयुष्यात किती समाधानी आहेत ते जाणून घ्यायचं होतं. अकरा प्रश्न, पहिल्या नऊंना एक ते सात मार्क, शेवटच्या दोन्हींखाली चार ओळी लिहायला जागा. वर ठळक सूचना — घरच्यांनी प्रश्न मातृभाषेत वाचून दाखवावेत आणि सैनिकाचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहावे. अर्ध्या तासाचं काम.

इथे माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं. मेसईदला खताच्या कारखान्यात मी शिफ्टचा सुपरवायझर आहे. दर दोन तासांनी ऑपरेटरने बाहेर फिरून एकेका गेजवरचं रीडिंग बघून लॉगशीटवर उतरवायचं असतं. उन्हाळ्यात बाहेर पाऊल टाकवत नाही, मग पोरं एसीत बसून आधीच्या शिफ्टचे आकडे खाली ओढतात. एकाने तर वर्कशॉपमध्ये उघडून ठेवलेल्या पंपाचंही प्रेशर उत्तम लिहिलं होतं! त्याला मी पंधरा मिनिटं झापलं. गेज न बघता आकडा लिहिणं म्हणजे काय, यावर माझं व्याख्यान प्लांटवर प्रसिद्ध आहे.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी मी तो फॉर्म भरला.

आळस होता का? तसं म्हणायला मला आवडलं असतं. आळस हा बरा दोष आहे, चारचौघांत सांगता येतो. पण पहिले नऊ प्रश्न भरायला मला तीन मिनिटं लागली आणि दहाव्यापाशी मी वीस मिनिटं बसलो. तुम्हीच सांगा, आळशी माणूस असा बसतो का? दहावा प्रश्न होता — उरलेलं आयुष्य कुठे घालवावं असं वाटतं? आणि अकरावा — त्यात काही अडचण आहे का?

दहाव्याचं उत्तर मला पाठ होतं, दर शुक्रवारी ऐकत होतो. अडचण मी स्वतः होतो.

गावात त्यांना बघणारं कुणी नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. ते खोटं होतं. माझा चुलतभाऊ तानाजी दोनदा फोनवर म्हणाला होता, "दादा, अण्णांना धाडून दे. आमच्यात ऱ्हातील, माजी बायकू भाकरी वाढंल." ते फोन आल्याचं मी घरात कधी बोललो नाही. कारण? आमच्या मंडळात अण्णांचा सत्कार झाला होता, शाल-श्रीफळ वगैरे. पण टाळ्या जास्त मला पडल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माईकवर मला "आजच्या काळातला श्रावणबाळ" म्हटलं. आता श्रावणबाळाने कावड परत गावात नेऊन ठेवली, तर त्याला कोण विचारणार? लोक म्हणणार, पोरगा कतारला मजेत आणि बाप गावाला. मला ते नको होतं. बस्स, एवढंच कारण. हलकं आहे, मला माहीत आहे.

मी लिहिलं — मुलाच्या घरी मी पूर्ण समाधानी आहे. आणखी काही नको.

अण्णा उठल्यावर फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणालो, "अण्णा, पेन्शनचा हयातीचा दाखला. इथं सही करा." त्यांनी चष्माही मागितला नाही. सही केली.

काही महिन्यांनी कोरियातून प्रमाणपत्र आलं, सोबत आभाराचं पत्र. पत्रात "त्यांची" ती ओळ छापलेली. माझी मुलगी ईशा इंग्रजी शाळेतली, मोठ्या हौसेने आजोबांना वाचून दाखवायला बसली. "आजोबा, तुम्ही सांगितलंय की, आय मीन, तुम्ही मुलाच्या घरी फुल्ली हॅपी आहात, अजून काहीच नको. सो स्वीट ना?"

"आसं म्हनलो व्हय मी?" अण्णांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी टीव्हीचा रिमोट शोधू लागलो. तो माझ्या हातातच होता. "बरं," ते म्हणाले.

त्या शुक्रवारी चहा झाला आणि त्यांनी गावाचं विचारलं नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही. आणि मी, ऐका, मी चारचौघांत सांगू लागलो की अण्णा आता रमले! दीड वर्ष सांगत होतो. माणूस मागायचा थांबला की त्याला मिळालं, असा माझा हिशेब.

गेल्या महिन्यात त्यांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, हृदय फार थकलंय, विमानप्रवास आता कायमचा बंद. मी मान डोलावली. घरी आल्यावर आठ दिवस मी त्यांच्या खोलीत जाऊन उशी सारखी करायचो आणि परत यायचो.

परवा संध्याकाळी मात्र बसलो. फॉर्म, सही, तानाजीचे फोन — सगळं सांगितलं. "माफ करा" म्हणणार होतो, ते म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्यांना काहीतरी उत्तर देणं भाग पडलं असतं.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. पांघरूण छातीपर्यंत ओढलं आणि हवापाण्याबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणाले,

"त्या मुलखातली भाषा येत न्हवती आमाला. तरी हरेक माणसाला इचारायचो, कुठं दुखतंय म्हनून. तुला तर मराठी येतीया की."