विहीणबाई, तुमचं चुकून राहिलं

अंजनाबाई मेश्राम रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झाल्या आणि रायपूरच्या समता कॉलनीतल्या घरात टीव्हीचा रिमोट त्यांचा झाला. माहेर भंडाऱ्याचं, म्हणून जीव विदर्भाच्या क्रिकेट टीमवर. त्यांची विहीण प्रेमलाबाई भनपुरीत शिवणकाम करायच्या. त्या जन्माच्या रायपूरच्या. छत्तीसगडची टीम हरली की त्या दिवशी गिऱ्हाइकांनी ब्लाउज मागायला जाऊ नये.

नातीच्या वाढदिवसाला दोघी विदर्भ-छत्तीसगडची मॅच लावून एका सोफ्यावर बसल्या आणि केक बाजूलाच राहिला.

"तुमच्या कप्तानानं टॉस जिंकून फिल्डिंग काहून घेतली?" प्रेमलाबाई.

"पिच पाहून घेतली. तुमच्यासारखं कापड न पाहता कात्री नाही चालवली."

"विहीणबाई, तुमचं चुकून राहिलं."

नीलिमा, म्हणजे एकीची सून आणि दुसरीची लेक, हसत हसत हे मोबाइलवर घेत होती. तो व्हिडिओ गावभर फिरला. एका केबल चॅनलनं दोघींना बोलावलं आणि रविवार संध्याकाळचा क्रिकेटचा कार्यक्रमच देऊन टाकला. अंजनाबाईंनी मुद्दा मांडायचा, प्रेमलाबाईंनी तो मधेच तोडायचा. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातले पानठेलेवाले गिऱ्हाईक थांबवून कार्यक्रमात फोन लावत.

मग चॅनलवर दयाराम साहू नावाचे नवे मॅनेजर आले. बायांचं भांडण त्यांना रुचेना. प्रेमलाबाईंना सुट्टी मिळाली आणि त्यांच्या खुर्चीवर लोकेश आला, कोट घातलेला, सफाईदार बोलणारा कोच.

"तुम्ही जा. मी घरून पाहीन," प्रेमलाबाई म्हणाल्या. अंजनाबाई गेल्या खऱ्या, पण जाताना त्यांना चपला सापडेनात.

लोकेश प्रत्येक वाक्यावर मान डोलवायचा. "बिल्कुल सही, मैडम." अंजनाबाईंना बोलायलाच सुचेना. शेवटी त्यांनी मुद्दाम खडा टाकून पाहिला. "नव्या कोऱ्या बॉलनं पहिल्याच ओव्हरला रिव्हर्स स्विंग होते."

"बिल्कुल सही, मैडम."

तेवढ्यात फोन वाजला.

"भनपुरीहून एक दर्शक बोलून राहिली," आवाज आला. "त्या बाईले सांगा, रिव्हर्स स्विंगले बॉल जुना लागते. शाळेतल्या पोट्ट्यांनाही माहीत आहे."

अंजनाबाईंना इतकं हसू फुटलं की माइक घसरून मांडीवर पडला. "दर्शकबाई, तुम्ही फोनवर काहून? इकडे या."

"मले कोणी बोलावलं?"

"मी बोलावून राहिली. ऑटो पकडा."

कार्यक्रम संपायच्या आत प्रेमलाबाई आल्या, गळ्यात मापाची टेप तशीच. लोकेशनं खुर्ची सोडली आणि स्वतः स्टुलावर बसला. पुढचा सगळा वेळ दोघी एकमेकींच्या बोलण्यावर बोलत होत्या, तरी सगळ्यांना सगळं कळत होतं. फोन थांबेनात. दयारामजी काचेपलीकडे उभे होते. त्यांनी स्वतः चहा पाठवला.

कॅमेरा बंद झाल्यावर लोकेशनं विचारलं, "मैडम, मुझसे क्या गलती हुई?"

"काहीच नाही, बेटा. तू हुशार आहेस. पण तू मले मान देते. ही मले ओळखते. मी कुठं चुकणार ते हिले आधीच समजते, म्हणून मले बोलाले जोर येते."

पुढच्या रविवारपासून लोकेश स्कोर सांगू लागला आणि दोघींच्या मधे पडायचं नाही हे शिकला. प्रेमलाबाई खुर्चीवर परतल्या त्या संध्याकाळी मात्र दोघी एकाच ऑटोनं निघाल्या. कप्तानावरून अशी जुंपली की ड्रायव्हरही त्यात शिरला. समता कॉलनीचं वळण कधी गेलं कोणाला कळलंच नाही, आणि अंजनाबाई विहिणीकडेच जेवल्या.