चमचाभर जवस

टेंभुर्णीच्या आठवडी बाजारात जवस विकणारी ती बाई मला एकदाच भेटली. आईचं हृदयाचं दुखणं नुकतंच निघालं होतं. ती मासे खात नाही आणि माशांतलं हृदयाला चांगलं ओमेगा-३ जवसातही असतं, एवढं मी मोबाइलवर वाचलं होतं. मी दोन किलो मागितले.

बाईनं आधी चार दाणे माझ्या तळहातावर ठेवले. "चावून बघा, खवट तर न्हाई?" मग तराजूला हात न लावता विचारलं, "कुणासाठी?"

"आईसाठी. रोज वाटीभर देईन म्हणतो."

"रगत पातळ करायच्या गोळ्या चालू हायेत का?"

होत्या. तिनं पावशेरच तोलले. "आधी डॉक्टरला विचारा. व्हय म्हनले तर भाजून, कुटून, रोज एक चमचा. वरून तांब्याभर पानी."

"एवढं कसं माहीत?"

पदरानं पारडं पुसत ती म्हणाली, "मालकाला मी वाटी वाटी दिल्ते. पानी कमी पडलं, आतडं अडलं, दवाखान्यात न्यावं लागलं. जवसानं रगतबी पातळ व्हतं, ते तिथंच कळलं. मायेला चमचा कमीच वाटतो, दादा."

डॉक्टर हो म्हणाले. आता रोज चमचाभर चटणी वाढतो. आई आणखी मागते. मी डब्याचं झाकण लावून टाकतो.