मूर्तिजापूरला उतरलेले पाहुणे

भाचीनं लग्न सेमाडोहच्या रस्त्यावर, जंगलाच्या कडेला करायचं ठरवलं, तेव्हा पाहुण्यांची सगळी जबाबदारी माझ्याकडे आली. मी तिची आत्या, अमरावतीत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेली. धाकटा भाऊ, म्हणजे मुलीचा बाप, वकील. तो म्हणाला, "ताई, तुला नकाशे कळतात, आणि लोक तुझं ऐकतात." दोन्ही गोष्टी थोड्याफार खऱ्या होत्या.

मुलगा पुण्याचा, त्यामुळे निम्मे पाहुणे तिकडचे. डिसेंबरातले तीन दिवस, सिपना नदीजवळ दहा-बारा खोल्यांचा मुक्काम, बाकीच्यांना तंबू. महिनाभर माझा फोन कानापासून सुटला नाही. रात्री वाघ तंबूपर्यंत येतो का? घाटात मळमळतं, पुढची सीट मिळेल का? पैठणी नेसून सफारीला चालेल का? एका बाईंनी तर विचारलं, वाघ नक्की दिसणार असेल तरच एक दिवस आधी येतो, तसं लेखी कळवाल का? मी प्रत्येकाला उत्तर दिलं, आणि कोणाचं काय पथ्य, कोणाला कशी उशी, तेही विचारून घेतलं. वाघाचं सांगता येत नाही, आवळासुपारी जवळ ठेवा, पैठणी लग्नातच नेसा, सफारीला मातकट रंगाचे कपडे घाला, आणि पहाटे इतकी थंडी असते की शाल विसरलात तर नवरीची मागावी लागेल.

शेवटी मी एक पत्रकच काढलं. पुढच्या बाजूला सूचना, मागच्या बाजूला हातानं काढलेला नकाशा. मुंबई-पुण्याकडून येणाऱ्यांनी बडनेऱ्याला उतरावे, तिथे बस उभी असेल, असं ठळक लिहिलं. परतवाड्याच्या पुढे फोन लागणार नाही, घरी तसं सांगून या, हेही लिहिलं. नकाशा मात्र मी जरा जास्तच मन लावून काढला. नद्या आल्या, घाट आला, आणि मूर्तिजापूरहून अचलपूरकडे जाणारी, शकुंतला नावाच्या जुन्या छोट्या रेल्वेगाडीची लाइनही मी बारीक टिंबांनी काढली. ती गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पण तिच्याशिवाय वऱ्हाडचा नकाशा मला उघडाबोडका वाटला.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मी बडनेऱ्याला स्टेशनाबाहेर बसमध्ये द्यायचे पोह्यांचे डबे मोजत होते. फोन वाजला. नवरदेवाचे आजोबा. ते आणि आजी बाकीच्यांच्या आधीच्या गाडीनं निघाले होते.

"नमस्कार. आम्ही मूर्तिजापूरला उतरलोय. छोटी गाडी कुठल्या फलाटावर लागते?"

मी डबा खाली ठेवला. "आजोबा, ती गाडी आता नाही. बंद झाली."

"पण तुमच्या नकाशात आहे."

"ती टिंबं आहेत," मी म्हणाले, आणि बोलताना माझं मलाच ते किती पोकळ वाटलं.

आजोबा हळू आवाजात म्हणाले, "इथल्या एका माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, काका, तुमी लय उशीर केला."

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, सोबत गुडघे दुखणारी बायको आणि तीन बॅगा. बडनेऱ्याहून बस वळवली तर पन्नास माणसं खोळंबणार. आणि मूर्तिजापूरच्या जवळ माझं एकच माणूस होतं, माझा थोरला भाऊ. तिथून सात-आठ किलोमीटरवर आमचं गाव, तिथं तो शेती करतो. आणि तो या लग्नाला येणार नव्हता.

आमंत्रणाचा फोन केला तेव्हा त्यानं मला स्पष्ट सांगितलं होतं, "आपल्या वावरात एवढी जागा हाये, अन् लगन वाघाच्या दारात काहून? तुमी करा. मी येऊन नाही राहिलो." धाकट्याचा फोन तर त्यानं दोनदा उचललाच नाही. माझ्या यादीत त्याच्या नावापुढे मी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह ठेवलं होतं.

मी त्याला फोन लावला. "दादा, एक काम होतं."

"लग्नाचं असन तं नको सांगू."

"मूर्तिजापूर ठेसनावर दोन म्हातारे मानसं बसून राहिले."

"कोनाचे?"

"नवरदेवाचे आजा-आजी."

"म्हंजे लग्नाचंच झालं ना." तो थांबला. "च्या पेले का ते?"

"मले माहीत नाही."

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर उचलेना. आजोबांचाही लागेना. तेवढ्यात बसवाला घाई करू लागला, आणि मी बसमध्ये चढले. परतवाडा मागे पडला, फोनवरच्या रेषा एकेक करून गेल्या. घाटात पुण्याच्या मंडळींनी सांबर दिसल्यावर गाडी थांबवायला लावली. मी खिडकीतून बाहेर बघत होते, पण मला स्टेशनातला बाकच दिसत होता. मुक्कामी पोचल्यावर, तिथे आधीच आलेल्या नवरदेवाच्या आईनं विचारलं, "आईबाबा कुठे आहेत?" मी म्हणाले, "माझ्या भावाकडे." खरं होतं की नाही, मला माहीत नव्हतं.

दिवस कलायला आला तेव्हा दादाची जीप फाटकातून आत आली. पुढे आजोबा, गळ्यात दादाचा मफलर. मागे आजी, मांडीवर तुरीच्या शेंगांची पिशवी. आणि आजींच्या शेजारी माझी वहिनी, नव्या लुगड्यात, पायाशी पेटी.

"फोन आला तवाच मीनं पेटी भरली," वहिनी उतरता उतरता म्हणाली. "हे म्हनत होते, पोचवून वापस येऊ. मी म्हटलं, बरं."

आजींना सगळं सांगायची घाई होती. "हे गृहस्थ आले, बॅगा उचलल्या, आणि म्हणाले, 'चाला, काहून बसले?' मला वाटलं रेल्वेचे पोलीस. घरी नेऊन भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली, तेव्हा कळलं रागावलेले नाहीत."

तिथे जेवण झाल्यावर आजोबांनी दादाला सांगितलं होतं, की नोकरीच्या पहिल्या वर्षी ते अचलपूरला होते, आणि लग्न करून बायकोला याच छोट्या गाडीनं आणलं होतं. तिला एकदा पुन्हा त्या गाडीत बसवायचं होतं. दादानं मग जीप सरळ न आणता दर्यापूर, अंजनगाव करत त्या लाइनीच्या कडेकडेनं आणली. जिथे रूळ दिसले तिथे थांबवली.

"त्या वेळी मी सगळा प्रवास रडत होते," आजी म्हणाल्या. "यांना वाटलं, मला गाडी फार आवडली."

आजोबा हसले, पण त्यांनी मान वळवून घेतली.

दादा जीपपाशीच उभा होता. धाकटा भाऊ मांडवातून बाहेर आला. दादानं वर मांडवाकडे बघितलं. "हा बांबू कोनं बांधला? ढिल्ला हाये." धाकटा म्हणाला, "तू पाहून घे मंग." आणि दोघं दोरी घेऊन कामाला लागले. अंधार पडेपर्यंत त्यांनी सगळे खांब पुन्हा आवळले.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. डीजे नाही, फटाके नाहीत, मंगलाष्टकांच्या मधे नदीपलीकडून मोरांचे आवाज. भाचीच्या पाठीशी दादा फेटा बांधून उभा होता. जेवणं उरकल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला.

"मले जागेचा राग नव्हता, बाई," तो म्हणाला. "ठरवायच्या आधी मले कोनं विचारलं नाही. सांगून देलं फक्त."

महिनाभर मी परक्या माणसांना पोटाच्या पथ्यापासून उशीच्या उंचीपर्यंत सगळं विचारत होते. त्याला मी एकच फोन केला होता, आणि त्यात तारीख आणि जागा सांगितली होती. "चुकलं माझं," मी म्हणाले. त्यानं नुसती मान हलवली आणि माझ्या ताटातली एक जिलबी उचलून खाल्ली.

वाघ कोणालाच दिसला नाही. पुण्याचे पाहुणे रविवारी बसनं बडनेऱ्याला गेले. आजी-आजोबा मात्र जीपमध्ये बसले, दादाच्या गावी. दोन दिवस म्हणून गेले, ते चार दिवस राहिले. पाचव्या दिवशी दादानं त्यांना अकोल्याला नेऊन पुण्याच्या गाडीत बसवलं आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत फलाटावरून हलला नाही, असं वहिनीनं मला नंतर सांगितलं.