बारावं कडवं

मी दुबईला निघालो त्या सकाळी वसईच्या एसटी स्टँडवर पप्पांनी रडायचं सोडून गाणं म्हटलं. गावात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना त्यांची ती गाणी ठाऊक आहेत. चर्चमधल्या एका म्हाताऱ्या फादरनी दिलेल्या अमेरिकन लोकगीतांच्या रेकॉर्डवरून त्यांनी ती उचलली होती. कोंबडीचं तिकीट मागणारा कंडक्टर, भलत्याच ट्राममध्ये झोपी गेलेला नवरदेव. लग्नात बँडवाले दमले की पप्पा उभे राहायचे आणि तिकडच्या थांब्यांच्या जागी आपले थांबे घालायचे. ज्याच्या घराचा थांबा येई, तो मोठ्याने हसे. त्या सकाळी गाण्यात मी होतो. लोक बघत होते आणि मला लाज वाटत होती.

आता मी रास अल खोरच्या एका गोदामात स्टॉकचं काम बघतो. संध्याकाळी बसमध्ये बसलो की पप्पांना फोन करायचो, तोही बहुतेक तक्रारीसाठी. ट्रॅफिक, गारठवणारा एसी, चुकलेली पुढची बस. ते मध्येच विचारायचे, "आता कुठला स्टॉप आला, बाबू?"

"नाव कळून तुम्ही काय करणार, पप्पा?"

"तू सांग तर."

मी चिडून सांगायचो. माझा स्टॉप दिसला की, "खलास पप्पा, उतरायचंय," म्हणून फोन बंद.

यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात पप्पा गेले. दफनानंतर कपाटात त्यांची वही सापडली. त्यात तशाच एका अमेरिकन चालीवर माझी बस होती. स्टॉप ओळीने लावलेले, प्रत्येकाला एक कडवं. पहिल्यात मी साहेबाच्या नावाने खडे फोडत चढतो. अशी अकरा कडवी. बारावं "आणि बाबू उतरला" इथवर येऊन थांबलेलं. कुठे, ते मी कधी सांगितलंच नव्हतं.

परवा मुलीला ते म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "पप्पा, स्टॉपच नाही, सो ही जस्ट सिट्स देअर?"

तेव्हापासून ती ओळ पुरी करायला बसतो आणि वैतागून उठतो. तुम्ही फोनवर विचारता, आता घर कुठलं मानतोस. माझ्या स्टॉपला एका सुपरमार्केटचं लांबलचक नाव आहे, पुढे दोनचा आकडा. रोज तिथेच उतरतो, पण चालीत काही बसत नाही. पप्पांनी बसवलं असतं.