आप्पांचं पायताण

आमचे आप्पा जन्मभर अनवाणी राहिले ते गरिबीपायी नव्हे, हट्टापायी. तंबाखूच्या रानातली धसकटं घुसून तळवे इतके फाटलेले, की भेगेत बोट जावं. तरी पायात काहीतरी घाला म्हणणाऱ्याला ते शिवी हासडायचे. सरकारांच्या बंगल्याच्या पायऱ्या पायताण घालून चढेन तेव्हाच घालीन, अशी त्यांची आण होती.

आईचं वेगळंच. ती कुणाच्याच पायताणाला हात लावायची नाही. वाटेत आडवं दिसलं तर वळसा घालून जायची. मला मच्छे गावात दिलं, जावई पहिल्यांदा घरी आला, आणि त्याच्या नव्या वहाणा अंगणात पावसात भिजून फुगल्या. आई दारात उभी राहून बघत होती, पण तिनं त्या उचलल्या नाहीत. माझा नवरा अजून ते बोलून दाखवतो. मी त्याला सांगते, गप बस, तुला काय ठाऊक.

मला तरी आईबापांनी कुठं सांगितलं होतं? आत्यानं सांगितलं.

निपाणीजवळ आमचं गाव. गावाच्या तोंडाशीच सरकारांचा दगडी बंगला. सरकार म्हणजे जहागिरीचे मालक. बंगल्यापुढनं जाताना पायताण हातात घ्यायचं, छत्री मिटायची, मान खाली, असा दंडक होता. आप्पांच्या लग्नाची वरात तिथनं निघाली. नवरदेव म्हणजे एका दिवसाचा राजा, त्याला कोण काय म्हणतंय, असं चार शहाण्यांनी सांगितलं आणि आप्पांनी पायताण काढलं नाही. नवं कोरं होतं, पावलागणिक करकर वाजत होतं. दुपारची वेळ, सरकार माडीवर आडवे झालेले. ती करकर त्यांच्या कानात गेली.

माणसं धावत आली. आप्पांना मुंडावळ्यांसकट खाली पाडलं, फरपटत बंगल्याच्या पायरीवर नेलं आणि तळव्यांवर वेताच्या छड्या ओढल्या. एक जण घोट्यावर उभा राहिला. हाड मोडल्याचा आवाज आत्याला ऐकू आला. सगळी वरात माना खाली घालून उभी. ढोलवाल्यानं तर ढोल पाठीमागं लपवला.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण सरकार खाली आले. त्यांनी आप्पांचं पायताण नवरीच्या हातात द्यायला लावलं. ह्याच्या तोंडावर हाण म्हणाले, नाहीतर ह्याचा दुसरा पाय मोडतो. आईच्या अंगावरची हळद अजून उतरली नव्हती. तिनं हाणलं. हळू हाणलं म्हणून परत हाणायला लावलं, पुन्हा हाणायला लावलं. शेवटी आप्पांचं नाक फुटलं आणि आईच्या लुगड्यावर रक्त उडालं. वडगावच्या मागावरनं खास आणलेलं लुगडं होतं ते. मग सरकार हसत माडीवर गेले.

मुडदा बशिवला त्यांचा. पण खरं सांगू, मला सरकारांपेक्षा त्या वरातीचा जास्त राग येतो. एवढी दांडगी माणसं, कुस्त्या मारणारी, जेवणावळीत ताटं रिकामी करणारी, एकाच्याही हातानं दगड उचलला नाही.

त्यानंतर दोघांनी संसार केला, लेकरं झाली. पण आप्पा आईशी थट्टेनं बोललेलं मी कधी ऐकलं नाही. आणि आई त्यांच्यासमोर बसली की उजवा हात पदराखाली घ्यायची. लहानपणी मला वाटायचं, तिचा हात दुखतो.

पुढं सरकार मेले. त्यांचा मुलगा मुंबईला चित्रकला शिकून आलेला. जहागिरीत त्याचं मन नव्हतं. त्यानं बंगल्याचा सगळा खालचा मजला रिकामा केला, भिंतींना रंग दिला आणि कुठकुठनं आणलेली मोठमोठी तैलचित्रं तिथं लावली. गावात दवंडी पिटली, की बाजारच्या दिवशी कुणीही यावं, चित्रं बघावीत, पैसा पडणार नाही. लोक त्याला चित्रांचा बंगला म्हणायला लागले. मी तेव्हा माहेरपणाला आले होते. दवंडी ऐकली आणि आप्पा त्याच पावली निपाणीला गेले. मोच्याला पायाचं माप दिलं. करकर वाजलं पाहिजे, नाहीतर परत आणून टाकीन, असा दमही दिला.

आई येत नव्हती. मी बोलावलं तर चुलीतलं लाकूड उगाच खालीवर करत बसली. मग आप्पा दारातनं म्हणाले, "तूच पायजेस. तूच न्हाईस तर मी कशाला जाऊ?" आई उठली.

घरापासून बंगला तो काय, हाकेच्या अंतरावर. तेवढ्यात पायताण चावलं. इतकी वर्षं मोकळे वाढलेले पाय, पसरून फावड्यासारखे झालेले. अंगठ्याजवळची कातडी सोलली, टाचेतनं रक्त यायला लागलं. मी म्हटलं, आप्पा, हातात घ्या जरा. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी जीभ चावली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते हेच.

पायरीवर पायताणांचा ढीग होता. दारवान तरुण पोरगा, बाहेरगावचा, कानडी ढंगात बोलणारा. त्याला जुनं काहीच माहीत नव्हतं. बिडरी, बिडरी, म्हणजे सोडा, सोडा, म्हणत तो सगळ्यांना वहाणा काढायला लावत होता. आत नवी फरशी घासून पुसून ठेवली होती, त्यावर गालिचे होते, म्हणून हा नियम. आप्पा त्याच्याकडं बघतच राहिले. त्यांना वाटलं, बंगला तोच, दंडक तोच, नुसती भिंतीवर चित्रं आली. मी दारवानाशी भांडायला पुढं झाले, तर त्यांनी मला मागं ओढलं. खाली बसले आणि पायताण काढायला लागले. डोळ्यांत पाणी होतं. बापाच्या डोळ्यांत पाणी मी तेवढंच बघितलं. 

पाय सुजले होते, पायताण निघेना. तेवढ्यात मोटार आली. बेळगावचा कुणी गोरा साहेब आणि त्याची मडम उतरली. दारवानानं सलाम ठोकला आणि दोघं बूट वाजवत सरळ आत गेली. फरशीवर बुटाचे मातीचे ठसे उमटले.

आप्पा उठले. त्यांच्या मागोमाग आत शिरले. आम्ही दोघी मागं.

आत काय काय होतं ते मला नीट आठवत नाही. पाणवठ्यावरच्या बायका, दमयंती का शकुंतला कोणीतरी, फळांची ताटं. खरी फळं वाटावीत अशी. पण मी आप्पांचे पाय बघत होते. गालिच्यावर पायताणाचा आवाजच होईना. आप्पा थांबले, पायाखाली बघितलं, आणि गालिच्यावरनं उतरून भिंतीच्या कडेच्या उघड्या फरशीवरनं चालायला लागले. करकर, करकर. लंगडत, रक्ताचे डाग टाकत. लोक चित्रं सोडून त्यांच्याकडं बघायला लागले. आप्पा थेट टोकाच्या भिंतीपाशी गेले. तिथं सरकारांचं चित्र होतं. पुरुषभर उंच, खुर्चीवर बसलेले, हातात वेताची छडी.

मग दारवान आणि आणखी दोघं धावले. एकानं आप्पांची मान धरली. आप्पांनी कोपर मागं मारलं, त्याचे ओठ फाटले. खांद्यावर काठी बसली. आप्पा गुडघ्यावर आले, तरी एकाच्या पोटात डोकं घातलं आणि दोघं काच लावलेल्या एका चित्रावर जाऊन आदळले. काच फुटून सगळीकडं उडाली. दारवान त्यांच्या छातीवर बसून तोंडावर गुद्दे घालायला लागला. माझं डोकं बापावर गेलेलं, खाण तशी माती. मी त्याच्या मनगटाचा चावा घेतला आणि तोंडात रक्ताची चव येईपर्यंत सोडला नाही. त्यानं दुसऱ्या हातानं थोबाडीत दिली, माझी दाढ हलली. मडम किंचाळत होती. बघ्यांनी पाठ भिंतीला लावली होती. पुन्हा तीच वरात, म्हटलं, त्याच वरातीतल्यांची लेकरं ही.

झटापटीत आप्पांच्या पायातलं एक पायताण निघून घसरत गेलं आणि आईच्या पायाशी थांबलं.

आई तोवर नुसती उभी होती. सरकारांच्या चित्राकडं बघत. तिनं खाली बघितलं. मला वाटलं, आता वळसा घालून बाजूला होईल. पण तिनं पदराखालचा हात बाहेर काढला, वाकली आणि पायताण उचललं. दोन पावलं पुढं गेली आणि सरकारांच्या तोंडावर हाणलं.

चित्राचा ताणलेला कपडा ढोलासारखा घुमला. सगळे जागच्या जागी थांबले. दारवानाची मूठ वरच राहिली. आईनं परत हाणलं, परत हाणलं. बोलत काहीच नव्हती, नुसता घशातनं आवाज येत होता, लाकूड फोडताना येतो तसा. सरकारांचा गाल टरकन फाटला, मग मिशी, मग डोळा लोंबायला लागला. माडीवरनं सरकारांचा मुलगा धावत आला आणि बापाचं तोंड बघून जिन्यातच थांबला. आईनं हात खाली केला, त्याच्याकडं बघितलं आणि चित्राकडं बोट करून शांतपणे म्हणाली, "ह्येनं मला ह्येच शिकीवलंतं."

 त्याला सगळं ठाऊक असावं. त्यानं हातानं माणसांना मागं केलं. पुढं फौजदारी होईल, घर जाईल म्हणून आम्ही महिनोन्महिने भीत होतो, पण तक्रार झाली नाही. बापाला शेतकऱ्याच्या बायकोनं पायताणानं हाणलं, हे कुठल्या तोंडानं लिहून देणार?

आई आप्पांपाशी येऊन बसली. त्यांचा सुजलेला, रक्ताळलेला पाय मांडीवर घेतला, पदरानं पुसला, आणि ते पायताण आपल्या हातानं त्यात चढवलं. घट्ट होतं, दाबून दाबून चढवलं. आप्पा ओठ दाबून बघत होते. मग तिच्या खांद्यावर हात टाकून उठले, आणि आम्ही तिघं त्या दारातनं, त्या पायऱ्यांवरनं खाली उतरलो. करकर ऐकून बाहेरचे लोक बाजूला झाले.

 आप्पांचं नाकाड सुजून तोंडभर झालेलं. घराच्या वळणाला ते थांबले, नाक चाचपलं, आईकडं बघितलं.

"हात अजून तसाच जड हाय गं तुझा," म्हणाले.

आई आधी बावरली. मग तोंडाला पदर लावून हसायला लागली, हसता हसता रडायला लागली आणि रस्त्यातच खाली बसली. आप्पा तिच्याशेजारी बसले, आणि दुखतंय म्हणून दोन्ही पायताणं काढून त्यांनी तिच्या हातात दिली. तिनं ती घरापर्यंत आणली.