एकच ॲलर्जी

ऑफिसात तिला सगळे भित्री भागूबाई म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कुलूप लावून जिना उतरली की पुन्हा वर जाऊन ते ओढून बघायची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसला प्रकार. पण हॉस्पिटलसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बाईनं घाबरू नये तर काय करावं? उलट ती एकदाच घाबरायचं विसरली, आणि तिथंच माशी शिंकली!

त्याचं असं झालं. कुठल्या पेशंटला कशाची ॲलर्जी आहे, हे हॉस्पिटलचं जुनं मशीन तिच्या प्रोग्रॅमला कळवायचं आणि तो ते नर्सच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत दाखवायचा. आता हे मशीन मोठं तऱ्हेवाईक. दोन-चार गोष्टी असल्या की त्यांचा ॲरे करून द्यायचं, म्हणजे पिशवीत घालून. एकच असली की म्हणणार, एकीला कसली आलीय पिशवी? सुटा ऑब्जेक्ट हातावर टेकवून मोकळं. म्हणून तिनं एक ओळ लिहून ठेवली होती: सुटं आलं तर आधी पिशवीत घाल.

साहेबांना ती ओळ दिसली. "भागूबाई, किती घाबराल? पिशवी नसली तर काहीच नाही असं समजायचं, झालं!" सगळे हसले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं ती ओळ काढून साहेब म्हणाले तशी घातली.

पायाची जखम चिघळली म्हणून आईला कालच त्या हॉस्पिटलात ठेवलं होतं. जेवायच्या सुट्टीत तिनं फोन लावला.

"अगं, गंमत ऐक," आई म्हणाली. "माझी पेनिसिलिनची ॲलर्जी गेली म्हणे! नर्सबाईंच्या स्क्रीनवर काहीच नाही. चला, एक दुखणं तरी फुकटात गेलं."

आईला ॲलर्जी एकच होती.

"इंजेक्शन दिलं का तुला?"

"आणतायत ना आता. एवढे शिकलेले डॉक्टर, मी कशाला मध्ये तोंड घालू?"

"घेऊ नकोस! आरडाओरडा कर, हातपाय झाड, पण घेऊ नकोस! आधी नर्सबाईंना फोन दे."

नर्सबाई फोनवर आल्या तशी ती म्हणाली, "स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. ज्याला एकच ॲलर्जी आहे त्याला काहीच नाही असं दाखवतोय प्रोग्रॅम. एकट्या आईचं नाही, सगळ्यांचंच."

"अगंबाई!" एवढंच ऐकू आलं आणि फोन कशावर तरी आपटला. कोणीतरी धावलं. कोणीतरी डॉक्टरांना हाका मारू लागलं. तिनं कान दुखेपर्यंत फोन दाबून धरला होता.

मग आईचा आवाज आला, अगदी हळू. "मला नाही दिलं गं. पण समोरच्या खाटेवरच्या आजोबांना आत्ताच दिलं होतं. त्यांचे ओठ सुजलेत, श्वास घेता येत नाहीये त्यांना." आई रडायला लागली. "सकाळीच मला पेपर वाचून दाखवत होते बिचारे. कोणी केलं गं हे असलं?"

"मी, आई," ती म्हणाली.